कामाचा ईमेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिस असो, कॉलेज असो, हाउसिंग सोसायटी असो की घरगुती धंदा, मेलबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात: उत्तर येत नाही, फाइल उघडत नाही, भलत्यालाच मेल गेला. बहुतेक वेळा दुखणं एकच असतं. आपल्याला काय हवंय हे समोरच्याला मेल उघडल्या उघडल्या कळत नाही, ते त्याला शोधावं लागतं. खालच्या पायऱ्या जीमेलच्या आहेत. आउटलूक वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे.

विषयाच्या ओळीत काय लिहावं?

काय हवंय, कशाबद्दल आणि कधीपर्यंत. मोबाइलवर विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, म्हणून महत्त्वाचं आधी. ‘बिलाबाबत’, ‘रिक्वेस्ट’, ‘हॅलो सर’ असे विषय लिहिलेले मेल सहा महिन्यांनी खुद्द पाठवणाऱ्यालाही सापडत नाहीत. ‘मंजुरी हवी: चिपळूण शाखा, जूनचं वीजबिल, शुक्रवारपर्यंत’ असं लिहिलं तर मेल न उघडताही निम्मं काम कळतं.

तक्रार क्रमांक, पॉलिसी नंबर, विद्यार्थ्याचा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), टेंडर नंबर असं काही असेल तर ते विषयातच टाका. बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या मदत कक्षात तुमचा मेल दरवेळी वेगळा माणूस उघडतो आणि तो नंबरावरूनच जुना पत्रव्यवहार शोधतो.

‘अर्जंट’ हा शब्द जपून वापरा. आठवड्यातून दोनदा वापरलात तर तिसऱ्यांदा कोणी ढुंकून बघत नाही. खरी घाई असेल तर फोन करा आणि मेल मागाहून टाका.

जुन्याच मेलवर रिप्लाय करून नवीन काम सांगितलं तर चालतं का?

चालतं, पण पुढे त्रास होतो. ‘दिवाळी बोनस’ या विषयाखाली प्रिंटरच्या दुरुस्तीची चर्चा सुरू झाली की ती पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही. काम बदललं की विषय बदला. विषय बदलला की जीमेल तो मेल नव्या संवादात टाकतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी आपोआप वेगळ्या राहतात. उलट काम तेच असेल तर विषयाला हात लावू नका. एका संवादात १०० मेल झाले की जीमेल स्वतःच तो तोडून नवा सुरू करतं. तिथवर मजल गेली असेल, तर खरं म्हणजे मीटिंग घ्यायला हवी होती.

मेल किती मोठा असावा?

लांबीपेक्षा, वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो का, हे बघा. असे मेल रोज येतात:

‘नमस्कार सर, आपण मजेत असाल अशी आशा आहे. मागच्या आठवड्यात आपलं बोलणं झाल्याप्रमाणे कोटेशन मागवलं होतं. दोन पार्ट्यांनी दिलं आहे, तिसऱ्याने अजून दिलेलं नाही. सोबत जोडलं आहे. बघून कळवावे.’

काय बघायचं, काय कळवायचं आणि कधीपर्यंत, याचा पत्ता नाही. साहेबांना दोन्ही फाइली उघडून स्वतः तुलना करावी लागेल. ते ‘नंतर बघू’ म्हणतात आणि मेल खाली जातो. तोच मेल असा लिहा:

‘नमस्कार सर, ऑफिसच्या इन्व्हर्टरसाठी दोन कोटेशन आली आहेत. पहिलं ४२,५०० रुपये, वॉरंटी दोन वर्षं. दुसरं ३९,८०० रुपये, वॉरंटी एक वर्ष. दोन्हींत जीएसटी धरलेला आहे. पहिलं घ्यावं असं मला वाटतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवलात तर गुरुवारी ऑर्डर देतो. दोन्ही कोटेशन सोबत आहेत.’

दुसरा मेल लहान नाही, उलट थोडा मोठाच आहे. पण त्याला ‘हो, पहिलं घ्या’ एवढं उत्तर पुरतं, आणि ते रिक्षात बसूनही देता येतं.

तीन प्रश्न विचारायचे असतील तर त्यांना १, २, ३ असे आकडे घाला. सलग परिच्छेदात विचारलं की लोक पहिल्याचं उत्तर देतात आणि बाकीचे तसेच राहतात.

सुरुवात आणि शेवट कसा करावा? मराठीत मेल लिहिला तर बरा दिसतो का?

बरा दिसतो, आणि राज्य सरकारी कार्यालयं, नगरपालिका, सोसायटी, मराठी संस्था यांना तर मराठीतच लिहावा. औपचारिक अर्ज असेल तर मेलमध्येही पत्राचा साचा ठेवा: ‘प्रति’, पदनाम, कार्यालय, ‘विषय’, आधीचा पत्रव्यवहार असल्यास ‘संदर्भ’ आणि त्यात जुन्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख, मग ‘महोदय’ किंवा ‘महोदया’. शेवटी ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’, पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर. क्लार्कला नोंदीसाठी हेच लागतं.

ओळखीच्या माणसाला ‘नमस्कार सुनीताताई’ किंवा ‘नमस्कार देशपांडे सर’ पुरतं. ‘स.न.वि.वि.’ वडीलधाऱ्यांना आवडतं, आणि वापरायला अजिबात हरकत नाही. बाईंचं लग्न झालंय की नाही याचा अंदाज बांधून ‘सौ.’ किंवा ‘कु.’ लावू नका, ‘श्रीमती’ किंवा नुसतं पूर्ण नाव लिहा. समोरचा माणूस पुरुष की स्त्री हे नावावरून कळत नसेल (किरण, शशी, सुहास) तर पूर्ण नावानेच सुरुवात करा.

पहिल्यांदा लिहिताना ‘हाय’ टाळा. समोरून ‘हाय’ आलं तर पुढे तुम्हीही लिहा.

टू, सीसी आणि बीसीसी: कोणाला कुठे टाकायचं?

ज्याने काही करायचं आहे तो ‘टू’मध्ये. ज्याला फक्त माहीत असावं तो ‘सीसी’मध्ये. ‘टू’मध्ये पाच नावं टाकली की पाचही जण समजतात, दुसरा कोणीतरी करेल. पाच जणांकडून वेगवेगळं काम हवं असेल तर मजकुरात नावानिशी लिहा: ‘अमोल: जागा बुक करणे. रेश्मा: पाहुण्यांची यादी.’

साहेबांना सीसीत ठेवणं हा नाजूक मामला आहे. नेहमी ठेवत असाल तर प्रश्न नाही. पण चालू संवादात मध्येच त्यांचं नाव घातलंत तर समोरचा त्याला तक्रारच समजतो, तुम्ही कितीही गोड लिहिलं तरी. आधी त्या माणसाशी एकदा बोला. तरीही काम हललं नाही, तर साहेबांना घेताना पहिल्याच ओळीत कारण लिहा: ‘परवानगीचा निर्णय आपल्याकडे असल्याने आपल्याला सीसीत घेत आहे.’

‘बीसीसी’त टाकलेली नावं बाकीच्यांना दिसत नाहीत, म्हणून तिचा खरा उपयोग मोठ्या यादीला मेल पाठवताना होतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने ८० सभासदांना ‘टू’मध्ये टाकून सभेची नोटीस पाठवली, की ८० जणांचे पत्ते ८० जणांकडे जातात. त्यात कोणी क्लास चालवणारा किंवा विमा विकणारा असला की ती त्याची फुकटची यादी. अशा वेळी ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे ‘बीसीसी’त. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांच्या पुढे गेलात तर खातं काही काळ पाठवणं बंद करतं, हेही लक्षात असू द्या.

कोणाला गुपचूप वाचता यावं म्हणून बीसीसी वापरू नका. त्या माणसाने चुकून ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की तो सगळ्यांसमोर उघडा पडतो, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही. दाखवायचाच असेल तर पाठवून झाल्यावर ‘सेंट’मधून त्याला वेगळा फॉरवर्ड करा.

‘रिप्लाय ऑल’ कधी करावं?

तुमच्या उत्तराने यादीतल्या बाकीच्यांचं काम बदलत असेल तेव्हा. सभेची वेळ बदलली, आकडा चुकला, फाइल जुनी आहे, तर सगळ्यांना कळवा. ‘ओके’, ‘नोटेड’, ‘अभिनंदन’ हे एकालाच पाठवावं.

अटॅचमेंट जात का नाही? मर्यादा २५ एमबी असूनही मेल परत का येतो?

कारण फाइल प्रवासात फुगते. ईमेलची व्यवस्था मुळात साध्या मजकुरासाठी बांधलेली आहे, म्हणून कुठलीही फाइल आधी अक्षरांत बदलून पाठवली जाते. त्यात दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो. समोरच्या कार्यालयाच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल तर ८ एमबीची फाइल १० च्या वर जाते आणि बाउन्स होते. जीमेलमध्ये २५ एमबीच्या पुढची फाइल आपोआप गूगल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन साठवणीत जाऊन तिची लिंक पाठवली जाते. समोरच्या ऑफिसात ड्राइव्ह बंद केलेलं असलं तर ती लिंकही उघडत नाही.

अनोळखी कार्यालयाला पाठवताना एकूण ५ एमबीच्या आत राहिलात तर सहसा अडचण येत नाही. कागद स्कॅन करताना ६०० डीपीआय (स्कॅनच्या बारकाईचं माप) रंगीत ठेवायची गरज नसते. टाइप केलेल्या कागदाला २०० डीपीआय, काळा-पांढरा किंवा ग्रे पुरतं, फक्त शिक्के आणि बारीक सह्या असतील तर ३०० ठेवा. मोबाइलने काढलेला फोटो तसाच जोडू नका. स्कॅनर अ‍ॅपने कडा कापून, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये करून पाठवा. नऊ पानांचे नऊ वेगळे फोटो, त्यातले दोन आडवे, हे बघून कुठलाही क्लार्क वैतागतो.

फाइलचं नाव समोरच्याच्या सोयीचं हवं. तुमच्याकडे ‘बायोडेटा फायनल नवीन २’ असेल, पण त्यांच्याकडे दोनशे उमेदवारांचे बायोडेटा पडलेले असतात. आडनाव, नाव, पद असं नाव द्या. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं, काही जुन्या यंत्रणांत देवनागरी नावांचा पार चुथडा होतो.

ड्राइव्हची लिंक पाठवली, पण समोरचा म्हणतो उघडत नाही. असं का?

नवीन फाइल ‘रिस्ट्रिक्टेड’ असते, म्हणजे तुमच्याशिवाय कोणालाच उघडत नाही. ‘शेअर’ दाबून समोरच्याचा पत्ता घाला आणि ‘व्ह्यूअर’, ‘कमेंटर’ किंवा ‘एडिटर’ यातलं योग्य ते निवडा. ‘एनीवन विथ द लिंक’ सोपं वाटतं, पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल दिसते. पगारपत्रक, आधार, पॅन, वैद्यकीय रिपोर्ट यांना ते कधीच लावू नका. पाठवण्यापूर्वी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, जिथे तुमचं खातं साइन इन नसतं, लिंक उघडून बघा. फाइल तिथे उघडली, तर जगातल्या कोणालाही उघडेल.

मराठी मजकूर समोर गिचमिड किंवा इंग्रजी अक्षरांत दिसतो. उपाय काय?

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत नाही. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आतून इंग्रजी अक्षरंच असतं, फक्त वर मराठी चेहरा चढवलेला असतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. डीटीपीवाल्याकडून आलेली पत्रिका किंवा जाहिरात असेल तर पीडीएफ करून पाठवा, त्यात फॉन्ट सोबत जातो. मजकूर पुढे संपादित व्हायचा असेल तर युनिकोड परिवर्तकातून काढून घ्या आणि एकदा नजर घाला. जोडाक्षरं आणि रफार बदलताना हमखास चुकतात.

नव्याने टाइप करायचं असेल तर विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडा, मग विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते.

चुकून पाठवलेला मेल परत घेता येतो का?

जीमेलमध्ये काही सेकंदच. मुळात ही मुदत ५ सेकंदांची असते, ती ३० करून घ्या: वरचं दातेरी चाक, ‘सी ऑल सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘अनडू सेंड’, ३०, आणि खाली जाऊन ‘सेव्ह चेंजेस’. शेवटची पायरी लोक विसरतात आणि मग सेटिंग चालत नाही म्हणतात. हे एवढं आजच करून टाका. तीस सेकंद उलटले की मेल गेला.

आउटलूकचा ‘रिकॉल’ एकाच संस्थेतल्या खात्यांमध्येच चालतो. मेल बाहेर, म्हणजे जीमेलला गेला असेल, तर तिथे काही वेळा उलट ‘हा मेल परत घ्यायचा आहे’ असा आणखी एक मेल पोचतो आणि लोक पहिला मुद्दाम उघडून वाचतात.

चूक टाळायची सोपी सवय म्हणजे पत्ता शेवटी घालणं. आधी फाइल जोडा, मग मजकूर, मग विषय, सर्वांत शेवटी ‘टू’. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल जाणार कसा? रिप्लाय करताना पत्ता आधीच भरलेला असतो. रागाचा मेल असेल तर तो पत्ता खोडून ठेवा आणि उत्तर उद्या पाठवा. नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केल्यावर येणारं सुचवलेलं नाव एंटर दाबून तसंच घेऊ नका. दोन जोशी असले की त्यातल्या चुकीच्यालाच मेल जातो.

उत्तर किती दिवसांत द्यावं? आपल्याला आलं नाही तर आठवण कशी करावी?

कामाच्या एका दिवसात पोच तरी द्या: ‘मिळालं. आकडे तपासून गुरुवारी कळवतो.’ एवढ्याने समोरचा निवांत होतो. आठवण साधारण तीन कामाच्या दिवसांनी करावी, त्याच संवादात, आणि काम पुन्हा एका ओळीत सांगून. नुसतं ‘जेंटल रिमाइंडर’ लिहिलंत तर समोरच्याला खालचा सगळा पत्रव्यवहार उपसावा लागतो. दोन आठवणी झाल्या की फोन उचला.

परदेशातल्या सहकाऱ्यांना तारीख अक्षरांत लिहा. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. वेळ लिहिताना भारतीय वेळ की त्यांची, तेही नमूद करा.

रात्री उशिरा मेल पाठवणं वाईट दिसतं का?

हाताखालच्या माणसाला रात्री अकराला मेल गेला की तो लगेच उत्तर द्यायला बसतो, तुम्ही ‘घाई नाही’ लिहिलं तरी. ‘सेंड’शेजारचा बाण दाबून ‘शेड्यूल सेंड’मध्ये सकाळी साडेनऊ निवडा.

रजेवर जाताना काय लावावं?

सेटिंग्जमधल्या ‘जनरल’च्या तळाशी ‘व्हेकेशन रिस्पाँडर’ आहे. कधीपासून कधीपर्यंत नाही आणि तोवर कोणाशी बोलायचं, एवढंच लिहा. कुठे चाललात ते लिहू नका, घर बंद असल्याची ती जाहीर सूचना ठरते. एकाच माणसाला हे उत्तर चार दिवसांत एकदाच जातं, त्यामुळे भडिमाराची भीती नाही.

‘स्टोरेज फुल’ असं येतंय. नवीन मेल येणार नाहीत का?

येणार नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातील. फुकटची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची मिळून असते. बरेचदा मेल निरपराध असतात आणि जागा मोबाइलच्या व्हिडिओंनी खाल्लेली असते, म्हणून आधी गूगल वनच्या पानावर विभागणी बघा. मेलच भरले असतील तर शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर क्लिक करा, ‘साइज’मध्ये १० एमबीपेक्षा मोठे निवडा आणि नको ते काढा. मग ‘बिन’ही रिकामं करा. तिथे मेल ३० दिवस पडून राहतात आणि तोवर जागा सुटत नाही.

जाहिरातींचे मेल ओळखीच्या दुकानाचे असतील तर ‘अनसबस्क्राइब’ करा. अनोळखी असतील तर आतल्या लिंकला हात न लावता ‘रिपोर्ट स्पॅम’. लिंक दाबली की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं.

आमच्या सप्लायरचा मेल आला की बँक खातं बदललंय. पैसे पाठवावेत का?

आधी फोन करा, आणि तो मेलमधल्या नंबरावर नाही, तुमच्या जुन्या बिलावर छापलेल्या नंबरावर. ही फसवणूक छोट्या धंद्यांना फार मोठी पडते, कारण मेल खऱ्याच संवादात, खऱ्या बिलाच्या वेळी येतो. दिसणाऱ्या नावावर जाऊ नका, नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता वाचा. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात, आणि अशाच एका अक्षराच्या फरकाने बनावट पत्ता तयार होतो. समोरच्याचं खातंच कोणी ताब्यात घेतलं असेल तर पत्ताही खराच असतो, म्हणून फोन टळत नाही.

आयकर खात्याच्या नावाने नोटीस आली तर घाबरून अटॅचमेंट उघडू नका. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन असतो, आणि तो ई-फायलिंग पोर्टलवर तपासता येतो.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मेल डिलीट करू नका, पुरावा म्हणून लागतो.

खातं हॅक झालं होतं, पासवर्ड बदलला. आता सुरक्षित आहे ना?

अजून नाही. चोर जाताना मागचं दार उघडं ठेवून जातो. सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ उघडून तुमचे मेल कोणत्या अनोळखी पत्त्यावर जात नाहीत ना ते बघा. मग ‘फिल्टर्स’मध्ये ‘बँक’ किंवा ‘ओटीपी’ असे शब्द असलेले मेल परस्पर डिलीट करणारा नियम नाही ना, तेही तपासा. रिकव्हरी मोबाइल नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचेच आहेत याची खात्री करा. कॉम्प्युटरवर इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ असतं, तिथे अलीकडे खातं कुठून उघडलं गेलं ते दिसतं. अनोळखी उपकरणं साइन आउट करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी) सुरू करा. तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवा. त्याच मेलमध्ये साठवले तर खातं बंद पडल्यावर त्यांचा काहीच उपयोग होत नाही.